'आले'चा रकाना

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज दुपारी खार आठवली. उगाचच नाही, पत्र आलं म्हणून. पण पत्राचं नंतर.

एका शनिवारी खार नि मी गिर्यारोहण क्लबच्या खोलीत खिडकीत बसलो होतो. तिच्या मांडीवर दोराचं वेटोळं, माझ्या मांडीवर मोजे. चढाईहून आलं की दोर बोटांतून इंच इंच सरकवून बघायचा, कुठे कातरलाय का, कुठे मऊ पडलाय का, असा आमचा नियम होता. ती दोर बघत होती नि मी दोघींच्या मोज्यांना रफू करत होते. तिचे हिरवे, माझे राखाडी. बोलण्याच्या नादात तिला एक हिरवा नि एक राखाडी दिला, मलाही तसेच उरले. घरी गेल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बदलून घेऊ या."

"कशाला?" ती म्हणाली. "राहू दे. तू कुठेही निघालीस की माझा एक पाय आपोआप निघेल."

एवढंच. यात काहीच घडत नाही. पण एकेचाळीस वर्षं झाली, त्या खिडकीतलं ऊन माझ्या गुडघ्यावरून हललेलं नाही.

कड्यावर मध्येच थांबून मान वळवून टुकुटुकु बघायची, म्हणून ती खार. मी कित्ता. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने बोटांवर पट्टी मारमारून माझं अक्षर वळवलं होतं, त्यामुळे क्लबात शिरल्या शिरल्या नोंदवही माझ्या गळ्यात पडली.

आता पत्र. क्लब जुनी खोली सोडून नव्या क्रीडासंकुलात जाणार. एक मार्चला, रविवारी सकाळी समारंभ. सगळ्या जुन्या नोंदवह्या काचेच्या कपाटात कायमच्या बंद होणार. भिंतीवर फलक लागणार, त्यावर खारीचं नाव, खाली 'गेली' आणि तारीख. आणि "सातव्या वहीची लाल रेघ आपण आपल्या सुंदर हस्ताक्षरात ओढावी, ही विनंती."

हस्ताक्षरात रेघ कशी ओढतात, ते अध्यक्षबाईंना विचारायला हवं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पत्राचा राग अजून उतरलेला नाही. राग कशाचा, ते नीट लिहून काढते.

आमच्या नोंदवहीत दोन रकाने. डोंगरावर निघताना पहिल्या रकान्यात 'येतो' किंवा 'येते' लिहायचं. 'जाते' नाही. घरातून बाहेर पडताना आपण 'जाते' म्हणतो का? मग डोंगरावर जाताना कसं म्हणणार! परत आलं की दुसऱ्या रकान्यात 'आलो', 'आले'. ज्याचं त्याने लिहायचं, दुसऱ्याने नाही. वही भरली आणि सगळे रकाने भरले, की शेवटच्या पानावर लाल रेघ. कुणी डोंगरात असताना वही बंद करायची नाही, हा क्लबचा पहिला नियम, पहिल्या पानावर लिहिलेला.

सही विसरणाऱ्यांच्या घरी मी वही घेऊन गेलेली आहे. एकाच्या लग्नात जाऊन बोहल्यावरून उतरल्या उतरल्या त्याच्याकडून 'आलो' लिहून घेतलं. नवरी घाबरली होती, कुठून आला म्हणून.

एकोणीस वह्या. अठरा वह्यांना लाल रेघ आहे. सातवीला नाही. सातव्या वहीत खारीचं 'येते' आहे नि त्यापुढे कोरा कागद.

संध्याकाळी सुतार आला. सुतार म्हणजे खरोखरचा सुतार, क्लबातला माझ्याहून पाच वर्षांनी जुना गडी. खिडकीची चौकट बघायला आलो म्हणाला. चौकटीला काही झालेलं नाही, तरी दर महिन्याला बघतो.

"पत्र आलं का, कित्ताबाई?"

"आलं. तुलाही?"

"मला फलकाची लाकडी चौकट करायला सांगितलीय." मग चौकटीवर बोट फिरवत म्हणाला, "मी सांगून टाकलं, लाकूड ओलं आहे. वर्षभर वाळायला हवं."

"ओलं आहे?"

"नाही हो."

त्याला अरे म्हणते, तो मला अहो म्हणतो. डोंगरात मात्र सगळेच अरे-तुरे, तोही नियमच. "अहो, जरा दोर ओढता का" म्हणेपर्यंत माणूस खाली पोचायचा. पायथ्याला आलो की सुताराची जीभ आपोआप 'तुम्ही'वर येते. एकदाच शहरात चुकला होता. ते लिहायला आज धीर होत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज लिहितेच. दुसरं कुणी वाचणार नाही, आणि वाचलं तर वाचलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघींनी वहीत लिहिलं. ठिकाण: खिंड. खार: येते. कित्ता: येते. शनिवारी पहाटे लेकीला ताप भरला. ती तीन वर्षांची होती. शेजाऱ्यांच्या मुलीबरोबर खारीला निरोप पाठवला, मी येत नाही. ती एकटीच गेली. जाणारच होती.

दुपारी ताप उतरला. खालच्या दुकानात फोन होता. चाळीस पावलं. क्लबात फोन करून 'माझं नाव खोडा' एवढं सांगायचं होतं. मी केला नाही. आजवर सगळ्यांना वाटत आलं की पोरीच्या आजारपणात राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. खारीच्या खाली माझं नाव होतं, ते खोडायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, पाय घरात तर घरात, नाव तरी तिच्याबरोबर जाऊ दे.

नियम असा होता: एकटा माणूस रविवारी रात्री आठपर्यंत आला नाही, तर लगेच शोधायला निघायचं. दोघं असतील तर एक रात्र वाट बघायची, कारण एकाला दुसऱ्याचा आधार असतो. रविवारी पाळीवर सुतार होता. त्याने वही बघितली. दोघी आहेत. कित्ता बरोबर आहे, मग काळजी नाही, असं म्हणाला असेल. रात्रभर वाट बघितली.

सोमवारी सकाळी तो माझ्या घरच्यांना सांगायला आला. दार मीच उघडलं.

तो हसला. तोंडभर. "तू!" म्हणाला. "तू घरी आहेस!" आणि मग हसू तोंडावर तसंच राहिलं नि डोळे बदलले. "मग खार एकटी?"

शहरात असून 'तू' म्हणाला. घाबरला होता बिचारा.

ओढ्याकाठी तिने दगड रचून बाण केलेला सापडला. आमची खूण: जखमी आहे, इथून खाली शोधा. आणि तिची टोपी. ती नाही. रविवारी रात्री ओढ्याला वरून लोंढा आला होता. म्हणजे रविवार संध्याकाळपर्यंत ती तिथे बसून आमची वाट बघत होती.

सगळे डोंगरात असताना सोमवारी दुपारी मी क्लबात गेले. वही उघडी होती. माझ्या नावापुढे लिहिलं, 'आले'. जिथे गेलेच नव्हते तिथून आले. अक्षर सुरेख आलंय, डागसुद्धा नाही.

चौकशीत सुतार उभा राहिला. "कित्ताबाईंनी शनिवारीच 'आले' लिहिलेलं होतं. मीच पान नीट बघितलं नाही." पाच वर्षं त्याला खोलीची किल्ली दिली नाही. मी गप्प बसले. तो असं का बोलला, ते मी पुढे समजून घेतलं: खारीवर त्याचा जीव असणार, म्हणून शिक्षा स्वतःलाच करून घेतली. लग्नही केलं नाही पुढे. लाकडातून वेळ मिळाला नाही म्हणतो.

एक मार्चला ते खोटं काचेआड कायमचं खरं होणार. तेही माझ्या हातच्या लाल रेघेने. नाही होऊ देणार.

बुधवार, ११ फेब्रुवारी

लेकीने धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. एक झडप नीट उघडत नाही म्हणे. जिने टाळा, दगदग टाळा, मोठी तपासणी मार्चमध्ये करू.

परत येताना कुणीतरी आमच्या जिन्याच्या पायऱ्या वाढवलेल्या दिसल्या.

सुताराला सांगितलं तर म्हणाला, "बिजागरी गंजली असेल, तेल घाला." मग बराच वेळ खिडकीची चौकट बघत बसला. चहा गार झाला तरी उठेना.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज दुपारी सभा. तीस-पस्तीस माणसं, निम्म्यांची नावं मला ठाऊक नाहीत. जुन्या खोलीत खोके भरून ठेवलेले. खिडकीत कुणीतरी प्रिंटर ठेवलाय.

अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर आहेत. वाईट बाई नाही. पण बोलताना माणसाच्या तोंडाकडे असं बघते, की आपण तोंड उघडून बसावं असं वाटतं. फलकाचा विषय निघाला तशी मी उभी राहिले.

"'गेली' लिहायचं नाही. तिने 'येते' लिहिलंय."

"मावशी, भावना समजते. पण एकेचाळीस वर्षं झाली."

"मी वर्षं नाही मोजत, रकाने मोजते. दुसऱ्याचा रकाना आपण भरायचा नाही, हा नियम आहे. आणि आणखी एक. त्याच पानावर तिच्या खाली माझी नोंद आहे. ती खोटी आहे."

सगळं सांगितलं. फोन, चाळीस पावलं, 'आले'. सांगून खाली बसते न बसते, तोच मागून सुतार उठला.

"असं काही नाही. पान मीच चुकीचं बघितलं."

"सुतार, खाली बस."

"तुम्हाला आठवत नाही, कित्ताबाई. वय झालं तुमचं."

"माझं वय? तू त्र्याहत्तरचा आहेस!"

"म्हणून तर मला जास्त जुनं आठवतं."

लोक हसायला लागले. अध्यक्षबाईंनी टेबल वाजवलं. "दोघांपैकी खोटं कोण बोलतंय, ते तरी आपसात ठरवा!"

"हा!" मी म्हटलं. "एकेचाळीस वर्षं!"

तो खाली बसला. कान लाल झाले होते.

मग अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, आता हे सगळं कोण बघायला येणार आहे?"

"मी बघतेय की."

कुणी हसलं नाही. शेवटी ठरलं ते असं: कपाटाचं काम झालंय, पाहुण्यांना बोलावणं गेलंय, समारंभ होणार. माझी 'भावना' इतिवृत्तात नोंदवतील.

इतिवृत्त टंकलेलं असतं. त्यात अक्षर नसतं कुणाचं.

रविवार, १५ फेब्रुवारी

लेकीला सभेचं कुणाकडून तरी कळलं. आली ती चपला न काढताच बोलायला लागली.

"म्हणजे माझ्या तापामुळे?"

"तुझ्यामुळे नाही गं. तुला ताप आला, तू तीन वर्षांची होतीस. ताप उतरल्यावर मी फोन केला नाही. ते माझ्यामुळे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू आयुष्यभर स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप बघत बसली असतीस."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, औषधांचं दुकान चालवते. मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. सवयीने.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सुचलं! आंघोळीच्या वेळी सुचलं नि साबण हातातून निसटला.

कुणी डोंगरात असताना वही बंद करायची नाही. पहिलं पान, पहिला नियम.

माझं 'आले' खोटं आहे. ते मी खोडणार. म्हणजे माझा रकाना पुन्हा कोरा, आणि मी अजून खिंडीतून आलेच नाही. आणि आले नाही, तर आधी गेलं पाहिजे. एकेचाळीस वर्षांपूर्वी 'येते' लिहिलंय, ते जायचं राहिलंय. समारंभ रविवारी सकाळी. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी सकाळी मी खिंडीत. बघू सातवी वही कशी बंद करतात.

हा नुसता हट्ट आहे का? असेल. सिस्टरने आम्हाला खोडरबर वापरू दिलं नाही कधी. चुकलं तर एकच सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर लिहा. सबंध शाळेतून एवढं एकच माझ्यात टिकलंय.

आता खिंडीपर्यंत पायवाट आहे, अर्ध्या वाटेत गावकऱ्यांची मुक्कामाची खोली आहे. कड्यावर जायचं नाही मला. हट्टी आहे, मूर्ख नाही.

सुताराला दुपारी सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरांचं नाव काढेल. तो म्हणाला, "उद्यापासून जिना. रोज पाच मजले."

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज जिना दोनदा. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, आज पाचव्यावर. प्रगती आहे.

सुतार प्रत्येक मजल्यावर थांबतो नि वाकून बुटाच्या नाड्या बांधतो. मला तेवढाच दम खायला मिळतो. आज बघितलं तर त्याच्या बुटांना नाड्याच नाहीत, नुसत्या पट्ट्या आहेत चिकटवायच्या. म्हातारा पार विसराळू झालाय. जपायला हवं त्याला.

माझ्यासाठी काठी करून आणलीय. हातात धरली तर बरोबर माझ्या मापाची, मुठीचा बाकसुद्धा.

"माप कधी घेतलंस?"

"सुताराच्या नजरेत असतं," म्हणाला.

लाकूड चांगलं मुरलेलं आहे. पुष्कळ वर्षं ठेवलेलं असणार.

बुधवार, २५ फेब्रुवारी

कुणाच्या तरी पोटात राहिलं नाही. अध्यक्षबाईंचा फोन.

"मावशी, क्लब तुम्हाला परवानगी देऊ शकत नाही."

"मागितलीय कुणी?"

"तुम्हाला काही झालं तर?"

"तर वहीत बघा. वही असते कशाला?"

मग म्हणाल्या, "माझी आई असती तर मी कोंडून ठेवलं असतं."

"मी तुझी आई असते तर तुला दोर बघायला शिकवलं असतं. सभेच्या दिवशी खोक्यातला तुमचा दोर हाताळून बघितला मी. मधे मऊ पडलाय. वापरू नका तो."

भीती वाटतेच. खोटं कशाला लिहू. या वहीत तरी नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी, संध्याकाळ

आत्ताच क्लबातून आले. सुताराकडे अजून जुन्या खोलीची किल्ली आहे. पाच वर्षांनी परत मिळाली, ती त्याने पुन्हा कधी हातची सोडली नाही.

खोक्यातून सातवी वही काढली. पान शोधावं लागलं नाही, आपोआप उघडतं तिथेच. 'आले'वर एकच सरळ रेघ मारली. खालचं वाचता येतं. शेजारी लिहिलं: 'तेव्हा गेलेच नाही. उद्या निघते आहे.' हात हलला नाही. सिस्टर असती तर पट्टी खाली ठेवली असती.

माझ्या खाली सुताराने पेन घेतलं. त्याचं अक्षर म्हणजे रंधा मारलेल्या लाकडाचे छिलके. खिंड. येतो.

"तू कशाला?" म्हटलं. "खारीसाठी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चला. जिन्यात अंधार होईल."

दारात अध्यक्षबाई उभ्या. कधी आल्या कोण जाणे. आत गेल्या, पान वाचलं. दोनदा वाचलं. मग वही खोक्यात न ठेवता टेबलावर ठेवली, उघडीच, आणि पर्समधून काढून माझ्या हातात शिट्टी ठेवली. "दर तासाला वाजवायची," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नि आवाज दात उपटायचा.

आता निरवानिरव. लेकीने दैनंदिनी उघडली तर तिला सापडावं, म्हणून इथेच लिहिते.

एक ते सहा आणि आठ ते एकोणीस या वह्या खुशाल काचेत जाऊ देत. सातवी नाही. ती नव्या जागेत दाराशी टेबलावर राहील, उघडी, दोरीला पेन बांधून. आत येणाऱ्याला ती ओलांडूनच जाता आलं पाहिजे. ती अध्यक्षबाईंच्या ताब्यात. तिला जमेल.

माझा जुना दोर कुणी वापरायचा नाही, पण टाकायचाही नाही. नव्या पोरींना बोटांतून सरकवून बघायला द्यावा, मऊ पडलेली जागा कशी लागते ते कळण्यासाठी. तशा तीन जागा आहेत, त्यांनी शोधाव्यात.

फलक करायचाच असेल तर त्यावर खारीचं नाव आणि 'येते'. तारीख नको.

लेकीला माझ्या बांगड्या, रफूची पेटी, ह्यांचं घड्याळ, आणि ही दैनंदिनी. पेटीतल्या हिरव्या लोकरीचा गुंडा संपवू नकोस. कधीतरी कुणाला तरी लागेल. आणि कपाळाला हात लावून बसू नकोस.

मोजे कुणालाच नाहीत. एक हिरवा, एक राखाडी. ते उद्या माझ्या पायात असतील. तिचा एक पाय आपोआप निघतोय.

सुताराला काय द्यावं, ते सुचेना. जिन्यात विचारलंच. तो दुसऱ्या मजल्यावर थांबून नाड्या बांधत होता, त्या नसलेल्या. खालीच बघत म्हणाला, "परत आलीस की सही कर. तेवढं पुरे मला."

'आलीस' म्हणाला. भर जिन्यात. अजून डोंगर लागलेला नाही, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. की होतं? जाऊ दे. उद्या वर पोचल्यावर विचारीन, तिथे तो 'तू' म्हणू शकतो नि मी हवं ते विचारू शकते.

तर सुताराला माझी खिडकी. चौकटीसकट. त्याने हवं तेव्हा येऊन बघत बसावं, मी असले तरी नि नसले तरी.

शेवटचं, पाळीवर जो असेल त्याच्यासाठी. दोघं असतील तर एक रात्र वाट बघायची, हा जुना नियम आजपासून बंद. मी पहिल्या पानावर एका रेघेने खोडलाय, सही केलीय. रविवारी रात्री आठपर्यंत आम्ही आलो नाही, तर आठ वाजून पाच मिनिटांनी निघा. सोबत कोण आहे, कुणाचं नाव कुणाच्या खाली आहे, ते बघत बसू नका. दगडांचा बाण शोधा, शिट्टी ऐका, आणि या.

आणि आम्ही आलो, तर माझ्या रकान्याला कुणी हात लावायचा नाही. रेघ मारली ते पेन मी बरोबर घेतलंय, दोरीला ते मीच येऊन बांधीन.

येते.